आधी तुळया मोजा, मग नकाशा काढा

आजोबांचं गावातलं घर उतरवून त्याचं लाकूड आणि कौलं बेळगावकडच्या खानापूरजवळच्या शेतातल्या नव्या घराला वापरायची, नकाशा तयार आहे, त्यात जुनं सामान कुठं बसवू, असं विचारलंय तुम्ही. खरं सांगू? तो नकाशा बाजूला ठेवा.

आपली जुनी घरं खणांवर बेतलेली. (चोळीचा खण नव्हे, दोन तुळयांमधलं अंतर.) नव्या नकाशातली खोली चौदा फुटी आणि तुमची तुळई बारा फुटी निघाली, तर जोड देत बसाल किंवा चांगलं सागवान नुसतं शोभेला टांगाल. म्हणून उतरवण्याआधी प्रत्येक खांब, तुळई, वासा मोजा, रंगानं नंबर टाका, फोटो काढा. ती यादी आर्किटेक्टच्या हातात द्या आणि खोल्यांची रुंदी तुळयांनाच ठरवू दे.

लाकूड पारखताना स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, विशेषतः भिंतीत गाडलेली टोकं आणि खांबाचा पाय. बारीक भुसा पडत असेल तर आत कीड जिवंत आहे. खिळे सगळे उपटा, नाहीतर करवतीचं पातं गेलंच म्हणून समजा.

माझी चूक सांगतो. खांब हलू नयेत म्हणून मी ते थेट काँक्रीटमध्ये रोवले. चौथ्या पावसाळ्यात बुडखे कुजले. शेवटी खालचा कुजका भाग कापून दगडी तळखडे, म्हणजे खांबाखालचे बैठकीचे दगड, घातले. जुन्या सुतारांनी ते दिखाव्यासाठी ठेवले नव्हते की ओ!

मंगळुरी कौलं एकाच छापाची एका उतारावर लावा. दोन कारखान्यांच्या कौलांच्या खाचा सहसा जुळत नाहीत, मग गळती ठरलेली. बोटानं वाजवा, खणखणीत वाजलं तर ठेवा, बद वाजलं तर बागेत. खानापूर, जांबोटीकडच्या पावसाला उतार जरा जास्तच हवा, आणि पागोळ्या भिंतीपासून दोन-अडीच फूट लांब पडू देत.

जुनी दारं बसकी असतात. गणेशपट्टी (चौकटीची वरची, गणपती कोरलेली फळी) कापून उंची वाढवू नका, वर जाळीची झडप बसवा. अगदीच बुटकी चौकट देवघराला द्या, तिथं वाकूनच जायचं असतं. पॉलिशऐवजी अळशीचं तेल.

आणि सागवान ट्रकमध्ये चढवण्याआधी वनखात्यात एकदा विचारून घ्या.