कोल्हापुरात चपलांचं दुकान आहे. फेसबुक-इन्स्टावरच्या जाहिरातीचे पैसे खोट्या अकाउंटमुळे वाया जातात का?

थोडे जातात. 2019 च्या पहिल्या तीन महिन्यांत फेसबुकनं सुमारे 220 कोटी खोटी खाती काढली, बहुतेक उघडल्या उघडल्याच. तरी महिन्याच्या वापरकर्त्यांत 5 टक्के खोटी असतील, असा तेव्हाचा त्यांचाच अंदाज होता.

पण तुमचा खरा खड्डा तिथं नाही. तो 'पेज प्रमोट करतो' म्हणणाऱ्यांकडं आहे. 80 हजार फॉलोअर्स, रीलला 40 लाईक, आणि कमेंटमध्ये नुसतं 'नाइस पिक' न् आगीचे इमोजी, म्हणजे फॉलोअर्स विकत घेतलेले. पैसे देण्याआधी त्याच्या मोबाईलवर इन्साइट्स (इन्स्टाच दाखवतं ती पेजची आकडेवारी) उघडायला लावा आणि फॉलोअर्सची शहरं बघा. स्क्रीनशॉट चालवून घेऊ नका, तो काय, कोणीही बनवतो. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी वर नसतील आणि भलत्याच देशातली गावं दिसली, तर चहा पाजून वाटेला लावा.

स्वतःची जाहिरात देताना 'क्लिक' हे उद्दिष्ट निवडू नका. क्लिक स्वस्त पडतात, पण खोटे क्लिक आले की यंत्रणा तसलेच लोक आणखी शोधत बसते. व्हॉट्सॲप मेसेज मागा. कापशी चप्पल आहे का, आठ नंबर मिळेल का, असं विचारणारा माणूस बहुधा खराच असतो. हिशेब लाईकवर नको, अशा चौकशीमागं किती खर्च पडला यावर धरा.

आणखी एक: तुमचेच फोटो लावून 'अस्सल कोल्हापुरी' विकणारी, आगाऊ पैसे घेऊन गायब होणारी बनावट पेजं असतात. दुकानाचं नाव अधूनमधून सर्च करा, दिसलं की रिपोर्ट करा. गिऱ्हाईक फसलं असेल तर त्याला लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायला सांगा.