फी कुणी ठरवली?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा फोन ठेवला आणि झोप लागेना, म्हणून लिहायला बसलो. कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) पुण्यात इंजिनीअरिंगला नंबर लागला, फार बरं वाटलं. पण कॉलेजच्या ऑफिसबाहेर एका फायनान्स कंपनीचं टेबल होतं, अर्ध्या तासात सहा लाख मंजूर म्हणाले, आणि सोमवारी बाबांना घेऊन सही करायला जाणार, हेही तू त्याच दमात सांगितलंस. सोमवारी सही करू नकोस.

माझी सगळी नोकरी बँकेत गेली, त्यातली बरीच वर्षं कर्जाच्या टेबलावर. ‘कर्ज मिळेल का साहेब?’ असं विचारणारे आईबाप रोज यायचे. ‘ही फी कुणी ठरवली?’ असं मात्र एकानंही कधी विचारलं नाही. तू विचार.

१९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनीअरिंग आणि मेडिकल कॉलेजांना परवानगी दिली. त्यामुळे जागा वाढल्या, घराण्यात कुणी शिकलेलं नाही अशा घरांतून इंजिनीअर झाले. ते मोल मी कमी लेखणार नाही. पण शिकवण्याचा खर्च सरकारी तिजोरीतून निघाला आणि पालकांच्या खिशावर येऊन बसला, तो तेव्हापासून. मग देणग्या सुरू झाल्या, त्या रोखायला १९८७ मध्ये कॅपिटेशन फीविरोधी कायदा करावा लागला. २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की खासगी संस्थांना आपली फी ठरवता येईल, फक्त नफेखोरी चालणार नाही. आता ही नफेखोरी मोजायची कुणी? आधी समित्या झाल्या, आणि आपल्याकडे २०१५ च्या कायद्यानं शुल्क नियामक प्राधिकरण आलं.

हे प्राधिकरण कॉलेजचे हिशेब बघतं आणि त्यावरून फी मंजूर करतं. मला खटकतं ते इथेच. जितका खर्च मान्य होईल तितकी फी मिळणार असेल, तर खर्च आटोक्यात ठेवायची संस्थेला गरज काय? त्यात बऱ्याच मुलांची फी सरकार शिष्यवृत्तीतून भरणार, उरलेल्यांना बँक कर्ज देणार. भरणारा कुणीतरी आहे म्हटल्यावर आकडा वाढताना कुणी हूं की चूं करत नाही. सरकारनं मदत करावीच, माझं दुमत नाही. पण मदतीइतकाच जोर हिशेब तपासण्यावर द्यायला हवा होता, तो दिला गेला नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तुझं बघू. प्राधिकरणानं मंजूर केलेली फी त्यांच्या वेबसाइटवर कॉलेजनिहाय मिळते. तुझ्या हातातल्या तक्त्याशी ती ओळीनं ताडून बघ. (अभिमत विद्यापीठ असतं तर हा मार्ग नव्हता, ती या प्राधिकरणाच्या कक्षेत येत नाहीत.)

दुसरं, तुझ्याकडे ईडब्ल्यूएसचं, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचं, प्रमाणपत्र आहे आणि बाबांसारख्या एसटीतल्या ड्रायव्हरचं उत्पन्न आठ लाखांच्या आतच असतं. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार अशा मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के सरकार भरतं. प्रवेश कॅपमधून हवा, तो तुझा आहे. ‘आत्ता भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ’ असं खिडकीवर म्हणाले असतील. सरकारकडून पैसे उशिरा येतात, कॉलेजचीही ओढाताण होते, हे खरं. पण त्यासाठी तू व्याजानं पैसे काढायचे नाहीत. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, अर्ज भर, शासन निर्णयाची प्रत जोडून प्राचार्यांना पत्र दे आणि पोच घे.

राहिले वसतिगृह, मेस, लॅपटॉप. त्याला सहा लाख कशाला? सहा लाखांचं काय होतं ते मांडून दाखवतो. फायनान्स कंपनीचा दर बाजूला ठेव, बँकेचा १० टक्के धरू. दरवर्षी दीड लाख असे चार वर्षं उचललेस, शिक्षण संपल्यावर एक वर्ष सवलतीचं. तोवर सरळव्याजानं २ लाख १० हजार चढतात. मग ८ लाख १० हजारांवर दहा वर्षं महिना सुमारे १०,७०० चा हप्ता. एकूण फेड पावणेतेरा लाखांच्या वर. तेच व्याज शिकतानाच भरत गेलीस, पहिल्या वर्षी महिना १,२५० आणि पुढे वाढत, तर हप्ता आठ हजारांच्या आत राहतो. बऱ्याच बँका असं करणाऱ्याला व्याजात एक टक्का सूटही देतात.

लागेल तेवढंच कर्ज काढ आणि आधी सरकारी बँकेत जा. चार लाखांपर्यंत तारण मागायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. हे मी अपराधी मनानं सांगतोय. एक शेतकरी प्लास्टिकच्या पिशवीत मुलाची गुणपत्रिका घेऊन आले होते, मागणी साडेतीन लाखांची. ‘सातबारा आणा’ म्हटलं मी. शाखेत तशीच पद्धत पडली होती. ते पुन्हा आलेच नाहीत. त्या मुलाचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही, आणि सातबारा मागायचा मला अधिकार नव्हता. तुझ्याकडे कुणी मागितलाच तर लेखी माग, नकारही लेखी घे. तो कागद रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करताना चालतो.

१ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जासोबत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं सक्तीचं आहे, फायनान्स कंपनीलासुद्धा. त्यात सगळे चार्जेस धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. त्या टेबलावर तो कागद मिळाला का? बाबा सहकर्जदार होणार आहेत, हप्ता चुकला तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, त्यांचाही बिघडेल. त्यांनाही वाचून दाखव.

रविवारी दुपारी घरी या दोघं. येताना फीचा तक्ता, अलॉटमेंट लेटर आणि त्या कंपनीनं दिलेले सगळे कागद आण. प्राचार्यांच्या पत्राचा मसुदा मी करून ठेवतो.

तुझा,
काका