पत्नीवरचा संशय आणि पुराव्याची साखळी

सप्रेम आशीर्वाद.

तू पाठवलेली दोषारोपपत्राची प्रत बारकाईने वाचली. तापीकाठच्या केळीच्या बागेत रात्री शेतकऱ्याचा खून झाला, त्याच्या पत्नीच्या परिचयातला तरुण पकडला गेला आणि पाठोपाठ तिलाही कटात आरोपी केले गेले. 'सगळं गाव तिच्याकडेच बोट दाखवतं,' असे तू लिहितेस. सरकारी वकिलांच्या हाताखाली काम करताना नेमके हेच तुला बाजूला ठेवता आले पाहिजे.

शरद बिरधीचंद सारडा खटल्याचा १९८४ चा निकाल मुळातून वाच. पत्नीच्या मृत्यूबद्दल पतीला झालेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केली होती. सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. प्रत्यक्षदर्शी नसताना परिस्थितीजन्य पुराव्यातली प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे सिद्ध झाली पाहिजे आणि साखळी अशी हवी की निर्दोषत्वाला वाजवी जागाच उरू नये, हे त्यात आहेच. पण घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटणारा भाग असा की, आरोपीने दिलेली खोटी सबब तुटलेली कडी जोडू शकत नाही. साखळी एरवी पूर्ण असेल, तरच त्या खोट्या सबबीचा आधार घेता येतो.

पती त्या रात्री शेतात एकटा असेल हे फक्त पत्नीला ठाऊक होते, यावर पोलिसांची सारी भिस्त आहे. आपल्याकडे शेतीपंपांची वीज ठरलेल्या वेळापत्रकाने येते आणि रात्रीची पाळी असली की मोटार सुरू करायला कोण जाणार, हे शेजारच्या सालदारालाही (वर्षभरासाठी ठेवलेल्या शेतगड्यालाही) माहीत असते. मृत शेतकरी दर रात्रपाळीला स्वतःच जात असेल, तर ही कडी गळाली. उलट, त्या रात्री त्याचा सालदार जाणार होता, ऐनवेळी बेत बदलून मालक गेला आणि त्यानंतर काही मिनिटांतच तिचा त्या तरुणाला फोन गेला, असे निघाले, तर मात्र ही परिस्थिती खरोखर वजनदार ठरते.

तरीही फोनच्या नोंदी बोलणे झाले एवढेच सांगतात, काय बोलणे झाले ते नाही. शिवाय त्यांना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडलेले हवे. प्रेमसंबंध सिद्ध झाले, तरी त्यातून कट आपोआप सिद्ध होत नाही. त्या तरुणाने पोलिसांपुढे दिलेली कबुली तिच्याविरुद्ध वापरताच येणार नाही. त्याच अधिनियमाच्या कलम १०९ चा (जी गोष्ट खास एखाद्यालाच ठाऊक असते, ती त्यानेच सिद्ध करावी, या नियमाचा) उल्लेखही मला पटला नाही, कारण मृत्यू घराच्या चार भिंतींत झालेला नाही. दोषारोपपत्रात पतीच्या विम्याचे पैसे हा हेतू म्हटला आहे; पण पंतप्रधान जीवनज्योती विमा योजनेचे ४३६ रुपये खात्यातून दरवर्षी आपोआप वळते होतात; अर्ज केव्हा आणि कोणी भरला हे पाहिल्याशिवाय विम्याच्या त्या दोन लाखांना खुनाचा हेतू म्हणू नकोस.

ती रडली नाही, असे साक्षीदार सांगतात. हे वाचून मला फार वाईट वाटले. दुःख कसे दिसावे हे शेजाऱ्यांनी ठरवायचे आणि त्यावर एका बाईची जन्मठेप उभी राहायची, हे आपल्या हातून होता कामा नये.

वीज कंपनीचे त्या आठवड्याचे वेळापत्रक, बँकेतला विम्याचा अर्ज आणि सालदाराचा सविस्तर जबाब तपास अधिकाऱ्यांकडून मागवून घे. तेवढे पाहूनही कडी जुळत नसेल, तर आरोप निश्चितीच्या आधीच तुझ्या वरिष्ठांना ते लेखी कळव.

तुझा शुभचिंतक