पॅडमागचा कागद कुजलाय? नवा कापा, पण खालची कड आधी नीट बघा

गाडीची काच खालीवर करणारं मशीन बघायला दरवाजाचं पॅड, म्हणजे आतल्या बाजूचं आवरण, उघडलं तर आतला डांबरी कागद हातात भुगा होऊन आला. आता तो न लावता पॅड बसवलं तर चालेल का, आणि पावसात पायाखालचा गालिचा ओला होतो त्याचा याच्याशी काही संबंध आहे का, असं तुम्ही विचारलंय. नाही चालणार. आणि संबंध बहुधा आहेच.

दरवाजा आतून कोरडा असतो हा समज आधी सोडा. काचेवरून ओघळणारं पाणी बाहेरच्या रबरी पट्टीला चुकवून दरवाजात शिरतं, अगदी नव्या गाडीतही. ते तळाच्या भोकांतून बाहेर पडावं अशीच रचना असते. वाटेत काही थेंब मशीनवर, लॉकच्या सळ्यांवर आपटून केबिनकडे उडतात. ते थेंब अडवून पुन्हा दरवाजाच्या पोटात सोडायचे, एवढंच या कागदाच्या पडद्याचं काम. म्हणून खालची कड पत्र्यावर चिकटवायची नसते, ती पत्र्यातल्या खालच्या फटीतून आत सोडायची असते. ही कड बाहेर राहिली की सगळं पाणी पॅडच्या हार्डबोर्डात मुरतं. तो फुगतो, क्लिपा सुटतात आणि उरलेलं पाणी गालिच्यात जातं.

गाडी मूळ रूपात ठेवायची असेल तर डांबरी कागद घ्या. मी स्वतः साधारण १५० मायक्रॉन जाडीचं पारदर्शक पॉलिथिन वापरतो. कचऱ्याच्या पिशव्या फार पातळ, त्या क्लिपेपाशी फाटतात आणि गाडी चालताना फडफडतात.

जुना कागद निम्मा जरी शाबूत असला तरी फेकू नका, त्यावरून माप निघतं. नसेल तर पॉलिथिन दरवाजावर कागदी टेपने ताणून लावा आणि मार्करने सगळी भोकं, हँडलचा दांडा, आर्मरेस्टचे स्क्रू उतरवून घ्या. कडेला चार बोटं जास्त ठेवा, नंतर कापता येतं. दुसऱ्या बाजूसाठी तोच नमुना उलटा करायचा! मी एकदा उत्साहात दोन्ही डावेच कापले होते. दांड्यासाठी गोल भोक पाडू नका, छोटी फुली कापा म्हणजे प्लास्टिक दांड्याला बिलगून बसतं. स्पीकर आणि आर्मरेस्टपाशी थोडी ढील द्या.

चिकटवायला ब्यूटिल, म्हणजे मऊ, चिकट रबरी लगदा, दुसरं काही नाही. ते वर्षानुवर्षं मऊ राहतं, त्यामुळे पुढच्या वेळी शीट न फाडता उघडता येतं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन उघड्या पत्र्याला गंज आणतं, आणि त्याचा थर राहिला की त्यावर दुसरं काही चिकटत नाही. जुनं ब्यूटिल काढायला ब्यूटिलचाच गोळा घेऊन टिपत राहा, जुनं नव्याला चिकटून निघतं. उरलेला डाग रॉकेलने आणि शेवटी स्पिरिटने पुसा. पत्रा तेलकट राहिला तर सगळी मेहनत वाया. नवी रेघ दोन्ही बाजूंना आणि वर अखंड हवी. खाली नाही, तिथे पाण्याला वाट द्यायची आहे. आत सोडलेली कड फार लांबही नको, मशीनच्या हातात अडकते. काच दोनदा पूर्ण खालीवर करून बघा.

पॅड बसवायच्या आधी काच वर करून बाहेरून पाच मिनिटं पाइपने पाणी सोडा. तळाच्या भोकांतून धार आली नाही तर भोकं तुंबलीत, तारेने मोकळी करा. शीटच्या केबिनकडच्या अंगाला, कडेकडेने टिश्यू पेपर लावून ठेवा. तो जिथे भिजेल त्याच्या जरा वर ब्यूटिलची रेघ सुटलेली सापडेल. टिश्यू कोरडा आणि तरी गालिचा ओला, तर दरवाजा सोडा आणि समोरच्या काचेचं रबर तपासा.