दाखल्याची वाट बघू नका, आधी अर्ज द्या

ताई, तुमचा मुलगा तिसरीत आहे, साडेआठ वर्षांचा. फळ्यावरचं उतरवताना ओळी गाळतो, जोडाक्षर आलं की अडतो. मुख्याध्यापक म्हणाले, "दिव्यांगतेचा दाखला आणा मग बघू, नाहीतर विशेष शाळेत घाला." आता दाखल्यासाठी आधी रत्नागिरीच्या रुग्णालयात जाऊ की शाळेत, असं तुम्ही विचारलंय. आधी शाळेत जा. आणि नुसतं बोलून येऊ नका, लिहून द्या.

माझा धाकटा दुसरीत असताना आम्हीही हेच ऐकलं होतं. त्याच्या बाई मायाळू होत्या. "मी लक्ष देते हो" म्हणाल्या आणि मी निर्धास्त झाले. तो चौथीत गेला आणि बाईंची बदली झाली. नव्या सरांना काहीच माहीत नव्हतं, आणि दोन वर्षांत आम्ही जे जे बोललो त्याचा शाळेत एक कागदही नव्हता. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पोराची ती दोन वर्षं गेली, ते मला अजून लागतं. आपल्याकडे बदल्या होतच राहणार. फाइल मात्र शाळेत राहते.

दाखल्याशिवाय शाळेला काही करता येत नाही, हे खरं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये 21 प्रकारच्या दिव्यांगता आहेत, त्यात अध्ययन अक्षमताही आहे, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचणं-लिहिणं अडणं. त्याच कायद्याच्या कलम 16 मध्ये म्हटलंय की अशी अक्षमता शाळेत लवकरात लवकर ओळखली जावी आणि शिकवण्याच्या पद्धतीत त्याप्रमाणे बदल व्हावेत. म्हणजे ओळखण्याचं काम शाळेकडेही आहे, एकट्या आईवर नाही. दाखला लागतो तो पुढच्या सवलतींसाठी. पहिल्या बाकावर बसवायला, धडा वाचून दाखवायला कुठल्या डॉक्टरची सही लागत नाही.

अर्जात "अभ्यासात कच्चा आहे" असं अजिबात लिहू नका. डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहा: फळ्यावर पाच ओळी असतील तर दोनच उतरतात, "प्रकाश"चा "पकाश" होतो, तोच धडा वाचून दाखवला की सगळ्या प्रश्नांची उत्तरं देतो. वहीच्या दोन पानांची झेरॉक्स जोडा, एक जूनमधलं आणि एक आत्ताचं. आणि तुम्ही सांगितलंत ना, हर्णैच्या बंदरावर मासळीच्या लिलावाला बाबांबरोबर उभा असतो तेव्हा किती टोपल्या, काय भाव, किती पैसे झाले हे सगळं तोंडी सांगतो? तेही लिहा. मुलाची बुद्धी कुठे चालते आणि कागदावर आलं की कुठे अडते, हे त्या एका वाक्यात मास्तरांना कळेल.

मग मागण्या लिहा, स्पष्ट आणि थोड्या. फळ्यावरचा मजकूर त्याला कागदावर मिळावा. चाचणीत प्रश्न वाचून दाखवावेत, जमेल तिथे तोंडी उत्तर घ्यावं. गट साधन केंद्रातल्या (शाळांना मदत करणारं तालुक्याचं सरकारी केंद्र) विशेष शिक्षकांना बोलावून मुलाला दाखवावं. यूडायसमध्ये, म्हणजे शाळा आणि मुलांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, त्याची नोंद विशेष गरजा असलेलं मूल म्हणून व्हावी. ही नोंद विसरू नका, वरच्या कार्यालयाला मूल दिसतं ते तिथूनच.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊन ती घरी ठेवा. पोच द्यायला का-कू केली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. पंधरा-वीस दिवसांत हालचाल दिसली नाही तर त्याची प्रत जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, मग जिल्हा परिषदेत प्राथमिकच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे. भांडायला जाऊ नका. मुलाला रोज त्याच वर्गात बसायचंय. पण कागद थांबवू नका.

"विशेष शाळेत घाला" याचं म्हणाल, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत शाळा मुलाला काढू शकत नाही. आणि 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगता असेल तर 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षण जवळच्या शाळेत घ्यायचं की विशेष शाळेत, ही निवड आपली असते. मुख्याध्यापकांची नाही.

आता दवाखाना. सगळ्यात आधी कान आणि डोळे तपासून घ्या, दापोलीतच. नीट न दिसणारं मूलही ओळी गाळतं. ते ठीक निघालं की रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय. तिथे मानसतज्ज्ञ कुठल्या वारी असतात ते फोन करून विचारल्याशिवाय एसटीत बसू नका, अख्खा दिवस जातो आणि बाबांची एक खेप बुडते. अध्ययन अक्षमतेचा दाखला केंद्राच्या नियमांप्रमाणे साधारण आठ वर्षांनंतरच मिळतो, पुढे ठरावीक वयात पुन्हा तपासणी होते. तुमचा मुलगा त्या वयात बसतो. मुंबईत कुणी नातेवाईक असतील तर सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातही यासाठी वेगळं क्लिनिक आहे. तारीख लांबची मिळेल, म्हणून आत्ताच नाव घाला. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, हे सगळं कायद्यात आहे आणि दहावीला त्याचा मोठा आधार होतो. माझा मुलगा आता त्याच आधारावर बसणार आहे.

आज रात्री अर्ज कच्चा लिहून काढा. मुलाचं आणि शाळेचं नाव वगळून इथे टाका, मी उद्या दुपारपर्यंत वाचून दुरुस्त करून देते.