आमच्या बोलण्याला हेल आहे, टीव्हीवर घेतील काय?

‘मुलीला टीव्हीवर बातम्या द्यायच्या आहेत. पण आमचं बोलणं हे असं. घेतील काय ओ मॅडम? आणि घेतलं तर किती वर्षं?’ हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतो. कधी निपाणीहून, कधी चिकोडीहून, कधी इथल्याच, बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या गल्लीतून. दर वेळी थोडक्यात उत्तर देते आणि ते अपुरं राहतं. म्हणून एका मुलीची हकिकत सविस्तर लिहिते आहे. तिची आणि घरच्यांची परवानगी घेतली आहे. नाव देत नाही, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी खानापूर तालुक्यातली, वय बावीस, मराठी घेऊन बी.ए. झालेली. वडील बेळगावात रविवार पेठेतल्या एका ठोक दुकानात हिशेब बघतात. तिला माझ्याकडे आणलं आईने, आणि आणलं ते करिअरसाठी नव्हे. आई म्हणाली, ‘घरात बोलेनाशी झालीय. बोललीच तर माझ्या चुका काढते. मी बाहेरून आलो म्हटलं की म्हणते, आई, आले म्हण. आता एवढी वर्षं असंच बोलतोय की मी!’

बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं, की आमच्याकडे बायकाही ‘मी आलो, मी जातो’ असंच म्हणतात. माझी आईही म्हणायची. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

मुलगी खाली बघून बसली होती. हळूहळू कळलं ते असं. गावातल्या गणेश मंडळाचं, शाळेच्या स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन नववीपासून हिचंच. बेळगावच्या आसपास कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांतून मराठी साहित्य संमेलनं भरतात. तशाच एका संमेलनात तिने दिवसभर व्यासपीठ सांभाळलं होतं. ‘टीव्हीवर शोभशील’ असं सगळेच म्हणायचे. मग ती पुण्याला एका वाहिनीच्या ऑडिशनला गेली. चौथ्या वाक्याला समोरच्याने थांबवलं आणि विचारलं, ‘तुम्ही बेळगावकडच्या का? पाणी म्हणा. पानी नाही, पाणी.’ बाकीचे हसले. ती घरी आली आणि त्यानंतर तिने माईक हातात घेतला नाही.

पहिल्या भेटीत मी तिला टीव्हीविषयी एक अक्षर विचारलं नाही. दुसऱ्या भेटीत टेबलावरचं वर्तमानपत्र पुढे केलं, फोनवर रेकॉर्डिंग लावलं आणि म्हटलं, ‘ही एक बातमी वाच.’ तिने वाचली. मग दोघींनी मिळून ती तीनदा ऐकली.

आम्हाला जे ऐकू आलं त्याने तीही चकित झाली. ‘अनुभव’ हा शब्द तिने ‘अणुभव’ असा वाचला होता. ‘जनावरं’ची ‘जणावरं’ झाली होती. ‘पानी’ म्हणून हसं झालं, त्या धास्तीने आता दिसेल त्या ‘न’चा ती ‘ण’ करत होती. म्हणजे ही चूक तिच्या बोलीतली नव्हतीच, त्या दिवशीच्या अपमानातून आलेली होती. उलट ‘चार छावण्यांमध्ये चारा पोहोचला’ हे वाक्य मी तिला दिलं, तेव्हा ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च तिने नेमके वेगळे उच्चारले. पाण्याचा ‘जग’ आणि सारं ‘जग’ यांतला ज सुद्धा. शहरात इंग्रजी शाळेत शिकलेल्या पुष्कळ मुलांना हा फरक आता जमत नाही, दोन्हीकडे एकच च लावतात. तिला तो आईच्या बोलण्यातून आयता मिळाला होता. हे सांगितलं तेव्हा तिने पहिल्यांदा मान वर केली.

हेल होता का? होता. वाक्याच्या शेवटी आवाज वर जायचा आणि शेवटचा स्वर लांबायचा. पण तिसऱ्यांदा ऐकताना लक्षात आलं की श्वास पुरतो तिथे हेल जवळजवळ नसतो, श्वास संपत येतो तिथे तो वाढतो. मी विचारलं, ‘ऑडिशनला एवढी घाई का केलीस?’ तर म्हणाली, ‘समोर अक्षरं पळत होती ना. मागे पडेन असं वाटलं.’

टेलिप्रॉम्प्टर तिने त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा पाहिला होता. कॅमेऱ्यापुढच्या काचेवर अक्षरं सरकत असतात, पण ती सरकवणारा माणूस वाचणाऱ्याचा वेग बघून सरकवतो. तुम्ही थांबलात की अक्षरंही थांबायला हवीत. हे तिला कुणी सांगितलं नाही. ती अक्षरांच्या मागे धावली, धाप लागली, हेल चढला आणि तिच्या गावाचं नाव निघालं. नवख्या मुलीला यंत्र दोन मिनिटं दाखवायला काय हरकत होती, याचा राग मला आजही येतो.

पुढचे दोन महिने आम्ही जे केलं ते साधं होतं. रोज सकाळी पंधरा मिनिटं वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचं. वाचण्याआधी पेन्सिलीने श्वासाच्या जागी तिरकी रेघ मारायची. पूर्णविरामाला आवाज खाली ठेवायचा. रेकॉर्डिंग त्याच दिवशी ऐकायचं नाही, दुसऱ्या दिवशी ऐकायचं, म्हणजे कान थोडा परका होतो. आणि एक अट मी घातली: घरात कुणाचंही बोलणं दुरुस्त करायचं नाही. प्रमाण मराठी ही बातमीची भाषा आहे, त्या खुर्चीत बसल्यावर ती यायलाच हवी, याबद्दल मी सवलत देत नाही. पण ती येण्यासाठी आईची भाषा जावी लागत नाही. बेळगावचं कुठलंही मूल घरात एक, बाजारात दुसरी आणि कचेरीत तिसरी भाषा बोलतं. त्यात आणखी एका मराठीला जागा सहज होते.

तिसऱ्या भेटीला वडील आले. खिशातून दुकानातल्या बिलाचा पाठकोरा कागद काढला. त्यावर बॉलपेनने चार प्रश्न लिहिले होते. नोकरी पक्की असते काय? तिशीनंतर काय? ते कॉम्प्युटरचे अँकर आलेत त्याचं काय? आणि रात्रपाळी असते काय? मला त्या माणसाचं कौतुक वाटलं. मुलीला ‘नको’ म्हणून मोकळं होणं सोपं असतं.

पहिल्या प्रश्नाला मी खरं ते सांगितलं: पक्की नसते. ती कधी फारशी पक्की नव्हतीच. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. प्रदीप भिडे यांचा आवाज महाराष्ट्राने पुढे कित्येक वर्षं ऐकला, स्मिता पाटील सिनेमात नाव होण्याआधी तिथेच बातम्या वाचत होत्या. ही नावं आठवली की वाटतं, केवढी मानाची जागा. मान होता हे खरंच. पण दूरदर्शन-आकाशवाणीवर पुष्कळ निवेदक नैमित्तिक असतात, म्हणजे ज्या दिवशी काम त्या दिवशीचं मानधन. २००७ पासून मराठीत चोवीस तासांच्या वृत्तवाहिन्या आल्या, जागा वाढल्या, पण त्या बहुतेक करारावरच्या.

तिशीनंतरचं उत्तर वडिलांना नीट पटावं म्हणून मी दुकानाचाच दाखला दिला. गल्ल्यावर बसणारा बदलता येतो, माल ओळखणारा बदलता येत नाही. वाहिनीत पडद्यावर दिसणारा चेहरा एक असतो आणि त्याच्यामागे डेस्कवर बातमी लिहिणारे, तपासणारे, आलेल्या दृश्यांना आवाज देणारे, क्रम लावणारे कितीतरी असतात. नवीन मुलगी बहुधा डेस्कवरच लागते. स्क्रिप्ट लिहिते, व्हॉइसओव्हर करते, मग एखाद्या पहाटे नेहमीचा अँकर आला नाही म्हणून खुर्ची मिळते. जी फक्त दिसायला शिकली तिची तिशीनंतर अडचण होते. जिला बातमी लिहिता येते ती डेस्कप्रमुख होते, डिजिटलला जाते, निर्मितीत जाते. आकाशवाणीच्या प्रादेशिक वृत्त विभागात तर पदाचं नावच वृत्तनिवेदक-तथा-अनुवादक असं आहे. नुसता आवाज चांगला असून भागत नाही, भाषांतराची परीक्षाही होते.

इथे मी मुलीला तिचा बायोडाटा मागितला. भाषांच्या रकान्यात मराठी, हिंदी, इंग्रजी. कन्नड नाही! विचारलं तर म्हणाली, ‘कन्नड लिहिलं तर माझं मराठी कच्चं आहे असं वाटेल त्यांना.’ शाळेत शिकलेली, बाजारात रोज वापरलेली, वाचता-लिहिता येणारी भाषा तिने लाजेने गाळली होती.

मी तिला विचारलं, हिवाळ्यात इथे बेळगावात सुवर्ण विधान सौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, तिथे मंत्री कन्नडमध्ये बोलतात. मुंबईच्या डेस्कवर ते कोण ऐकून समजून घेणार? महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला सीमाप्रश्नाचा दावा असो, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या पाण्याचा वाद असो, निम्मी बातमी कन्नडमध्ये असते. दोन्ही बाजू मुळातून वाचू शकणारं माणूस तिथे हवंच असतं. तिने पेन घेतलं आणि मराठीच्या खालीच ‘कन्नड’ लिहिलं.

त्याच दिवशी मी आणखी एक करून बघितलं. तिच्या हातातलं वर्तमानपत्र काढून घेतलं आणि म्हटलं, ‘प्रॉम्प्टर बंद पडलाय. कानात निर्माता सांगतोय, तीन मिनिटं भरून काढ. २०१९ चा ऑगस्ट आहे, कोल्हापूरजवळ पाणी येऊन पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडलाय. बोल.’ आधी गप्प झाली. मग सुरू झाली. कोयनेतून सोडलेलं पाणी कृष्णेतून सांगलीला कसं येतं, पुढे चिकोडी-अथणीकडची गावं कशी पाण्यात जातात, अलमट्टीचे दरवाजे किती उघडले याकडे सांगलीचे लोक का डोळे लावून बसतात, महामार्ग बंद झाला की बेळगावात दूध-भाजीचं काय होतं. वडील तोंडाकडे बघत राहिले. तीन मिनिटांची पाच झाली. हेल अधूनमधून होता, पण तो माझ्या लक्षात नंतर रेकॉर्डिंग ऐकताना आला.

कॉम्प्युटरच्या अँकरचा प्रश्न आता प्रत्येक पालक विचारतो. भीती खोटी नाही. २०२३ मध्ये ओडिशातल्या ओटीव्हीने ‘लिसा’ नावाची कृत्रिम निवेदिका आणली, २०२४ मध्ये डीडी किसानने ‘क्रिश’ आणि ‘भूमी’ असे दोन निवेदक आणले. लिहून दिलेलं न अडखळता वाचणं यंत्राला येतं, ते झोपत नाही आणि पगार मागत नाही. म्हणून फक्त वाचण्यावर कुणी आयुष्य लावू नये, असं मी स्पष्ट सांगते. पण खिद्रापूरला नदीकाठी उभं राहून ज्याचं घर पाण्यात गेलं त्याच्याशी बोलायचं, आणि त्याला रडू आलं की माईक थोडा खाली घ्यायचा, याला माणूसच लागतं.

वडिलांनी आणखी एक विचारलं, ते कागदावर नव्हतं. एका खासगी संस्थेने अँकरिंगच्या तीन महिन्यांच्या कोर्सला एवढी फी सांगितली होती, की त्यासाठी आईच्या पाटल्या मोडाव्या लागल्या असत्या. मी विरोध केला. आधी सहा महिने कुठल्यातरी स्थानिक बातमीदाराच्या हाताखाली काम करून बघ, आणि शिकायचंच तर विद्यापीठात शीक. बेळगावात राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट. तिथला पत्रकारितेचा अभ्यासक्रम अशा कोर्सपेक्षा स्वस्त पडतो आणि पदवी हातात राहते. कॅमेऱ्यापुढे बसायची सवय मोबाईलवरही होते.

या सगळ्याला आता वर्ष होत आलं. तिची निवड कुठल्या मोठ्या वाहिनीत झालेली नाही. ती बेळगावातल्या एका छोट्या स्थानिक मराठी वृत्तवाहिनीत डेस्कवर आहे, मानधन थोडं आहे, आणि आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळच्या बातम्या देते. पत्रकारितेच्या एम.ए.ला प्रवेश घेतलाय. आकाशवाणीच्या आवाजचाचणीची जाहिरात आली की अर्ज करायचा, हे ठरलेलं आहे. आई मध्यंतरी बाजारात भेटली. हसत सांगितलं, ‘परवा कामावरून आली, चप्पल काढता काढता म्हणाली, आई, मी आलो.’

गेल्या आठवड्यात मुंबईच्या एका वाहिनीकडून तिला मुलाखतीचं बोलावणं आलं. वडिलांनी लगेच फोन केला. त्या पाठकोऱ्या कागदावरचा चौथा प्रश्न अजून शिल्लक होता. मी सांगितलं, महाराष्ट्रातल्या दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, आणि घरापर्यंत पोचवायची सोय मालकाने करायची असते. मुलाखतीत ते विचारायला लाजायचं नाही, आणि गाडीचं लेखी घ्यायचं. ‘लेखी म्हणजे ईमेल चालेल काय ओ?’ त्यांनी विचारलं. चालेल म्हटलं. पलीकडे ते कागदावर लिहून घेत होते, शब्द सुटा करून, मोठ्याने म्हणत.