उंबरावरचा जक्कय

तुम्ही विचारलंय: "ख्रिस्ती धर्मात पाप्याने 'चुकलो' म्हटलं की झाली माफी. मग जन्मभर सरळ वागणाऱ्याने काय मिळवलं?"

ही तक्रार बायबलमध्येच आहे. उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला थोरला भाऊ हेच म्हणतो: धाकटा बापाचा पैसा उडवून परत आला तरी त्याच्यासाठी पुष्ट वासरू कापलंत, मला कधी करडूही दिलं नाहीत. बाप बाहेर येऊन त्याची समजूत काढतो. तो शेवटी घरात गेला की नाही, हे ती गोष्ट लिहिणारा शुभवर्तमानकार लूक सांगतच नाही. मला ते आवडतं.

पण "चुकलो म्हटलं की झालं" हे मात्र मला पटत नाही. जक्कयाचंच बघा (लूक, अध्याय 19). यरीहोतला मुख्य जकातदार. जकातदार म्हणजे रोमी सत्तेसाठी वसुली करणारा, वर स्वतःसाठीही उकळणारा, त्यामुळे लोकांच्या लेखी बाटलेला. बुटका असल्याने येशूला पाहायला तो झाडावर चढला. आपल्या मराठी बायबलात ते उंबराचं झाड आहे, आणि ते झाड खरंच उंबराच्याच कुळातलं. येशू वर बघून म्हणतो, लवकर खाली ये, आज तुझ्या घरी उतरायचंय. जक्कयाने तोवर कसलीही कबुली दिलेली नाही. लोक कुरकुरतात ते यावरच.

कबुली येते ती नंतर, आणि तीही आकड्यांत: अर्धी मालमत्ता गरिबांना, ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत. मोशेच्या, म्हणजे यहुद्यांच्या जुन्या नियमाप्रमाणे आपणहून कबुली देणाऱ्याला मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा दिला की पुरे होतं. म्हणजे माफी मिळालेला माणूस इथे स्वस्तात सुटलेला नाही. आणि लुबाडले गेलेल्यांचं काय, हे तर कोणी विचारतच नाही. इथे त्यांचे पैसे तरी परत आले.

पंडिता रमाबाईंना हेच विलायतेत दिसलं. लंडनच्या फुलहॅम भागात सिस्टर लोक (ख्रिस्ती संन्यासिनी) 'पतित' म्हटल्या गेलेल्या बायकांना मायेने सांभाळत होत्या. तुम्ही हे का करता, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा एका सिस्टरने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली (शोमरोनी म्हणजे यहुदी ज्यांना कमी लेखत ते लोक). पाच नवरे झालेल्या त्या बाईकडे येशू विहिरीवर पाणी मागतो. रमाबाईंनी 29 सप्टेंबर 1883 रोजी बाप्तिस्मा घेतला. पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये अशाच बायकांसाठी त्यांनी घर काढलं, त्याचं नाव कृपासदन.

आता आमचंही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल सगळे ख्रिस्ती असेच. मी लहान असताना आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एक नवऱ्याला सोडून आलेल्या बाई यायच्या. त्यांच्या बाकावर कोणी बसायचं नाही. जक्कयाची गोष्ट मला तोंडपाठ होती, तरी मीही आईला चिकटून पुढच्याच बाकावर बसायचे. वर्षभराने त्या यायच्या बंद झाल्या.